दुसरीच्या नऊ जागा

ऑफिसात त्याला सगळे झाडू म्हणायचे, आणि खरं सांगायचं तर त्याला ते नाव मनापासून आवडायचं. लिफ्ट चालवणारे प्रोग्रॅम लिहिणारी ती कंपनी. पंचवीस वर्षांत येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकानं त्या प्रोग्रॅममध्ये आपापलं काहीतरी कोंबून ठेवलेलं, आणि निघताना कुणी मागे वळून पाहिलेलं नाही. बाकीच्यांना नवं लिहायची हौस, याला जुनं काढायची. कुणाच्याही उपयोगाची न उरलेली एखादी ओळ सापडली की गडी असा खुलायचा, जणू कुणाचं गुपितच हाती लागलंय. ती कुणी लिहिली, का लिहिली, वर काय टीप लिहून ठेवलीय, यातलं काही तो वाचत बसायचा नाही. "वापरात नाही ना? मग उडव," एवढंच. त्यात त्याचा हात धरणारा दुसरा कुणी नव्हता.

त्या सोमवारी त्याच्याकडे 'सेकंड' नावाचा पर्याय काढून टाकायचं काम आलं. नवखे लोक या नावाला हमखास घड्याळातला सेकंद समजत आणि चार दिवस डोकं खाजवत बसत. त्याचा अर्थ साधा होता. पूर्वी मोठ्या इमारतींत शेजारीशेजारी दोन लिफ्ट असत आणि एकच यंत्र दोघींना सांभाळायचं: पहिली आणि दुसरी. हा पर्याय चालू ठेवून प्रोग्रॅम बांधला, की दुसरीच्या ओळी आत घेतल्या जात; बंद ठेवला, की त्या बांधणीआधीच गळून पडत. मिटवल्या जात नसत, हे महत्त्वाचं. मिटवलेल्याची निदान खूण राहते. इथे यंत्राच्या लेखी दुसरी कधी झालेलीच नसे. आता प्रत्येक लिफ्टला स्वतंत्र यंत्र मिळत होतं, त्यामुळे पर्याय कायमचा काढायचा होता. शोधून पाहिलं तर कोडमध्ये त्याच्या नऊ जागा निघाल्या.

ऑफिसचा नियम असा, की दिवसाला एकच जागा काढायची, शेजारच्या टेबलावरच्या तपासनीस बाईंनी ती पाहून मंजूर करायची, आणि मग चाचणीच्या मनोऱ्यात लिफ्ट सकाळपर्यंत वर-खाली पळवून बघायची. बाई सरळ, जरा भोळ्याच.

"दुसरी म्हणजे कमी वापरातली, हो ना?" पहिली जागा तपासताना त्यांनी विचारलं.

"अहो, इतकी वर्षं काय गवत उपटलंत का इथे?" तो मुद्दाम सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "आधी बसवली ती पहिली, नंतर बसवली ती दुसरी. कोण जास्त धावते याचा काय संबंध? आजोबांनी पहिल्याच दिवशी घोकून घेतलं होतं आमच्याकडून."

आजोबा म्हणजे हा प्रोग्रॅम ज्यांनी मुळात लिहिला ते गृहस्थ. सात वर्षांपूर्वी निवृत्त झाले, नंतर गेलेही. लोक हसले. बाईंचा चेहरा पडला, आणि झाडूचा दिवस झकास गेला.

घरी तो आणि त्याची ताई. चौथ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर, खाली याच कंपनीच्या प्रोग्रॅमवर चालणाऱ्या दोन जुन्या लिफ्ट. ताई त्याच्याहून पंधरा वर्षांनी मोठी, म्हणजे एकसष्टची. तो चार वर्षांचा असताना आई गेली आणि ताईनं त्याला वाढवला. उजवा गुडघा तिला जन्माचा दगा देऊन बसला होता. पाच वर्षांच्या याला कडेवर घेऊन जिना उतरताना तिचा पाय सटकला, तेव्हा याला वर उचलून धरता धरता ती सगळ्या पायऱ्या त्या गुडघ्यावर आपटत गेली. याला खरचटलंसुद्धा नाही. पुढे तिचं लग्न ठरत होतं, एका शिक्षकाशी. माणूस हिऱ्यासारखा म्हणे, फक्त कुलूप लावलं की तीनदा ओढून बघायचा, तेवढंच काय ते वेड. त्याच्या घरच्यांनी एकच अट घातली: धाकट्याला कुठेतरी ठेवून या. ताईनं नकार कळवला आणि विषय संपवला.

हे सगळं त्याला मावशीनं सांगितलेलं. ताई त्याबद्दल आयुष्यात एक अक्षर बोलली नव्हती, आणि नेमकं तेच त्याला खुपायचं. चार शब्द बोलून दाखवले असते, भांडली असती, तर हिशेब फिटल्यासारखं झालं असतं. पण ती दारात लंगडत यायची आणि विचारायची, "बाळ्या, दमलास का रे?" सेहेचाळीस वर्षांच्या माणसाला बाळ्या! त्या लंगडण्याचा आवाज ऐकला की त्याच्या कपाळाची शीर उडायची. त्याला ती घरात नको होती. शहराबाहेरच्या एका संस्थेत तिला कायमचं ठेवण्याचा अर्ज त्यानं भरलासुद्धा होता आणि नळाच्या तक्रारीचा कागद आहे असं सांगून तिची सहीही घेतली होती. तिनं वाचलं नाही, "कुठे करू?" एवढंच विचारलं. आता फक्त तो नेऊन द्यायचा आणि मग व्हायचा तो रडण्याचा तमाशा सोसायचा, एवढं उरलं होतं.

सोमवारी संध्याकाळी घरी येऊन त्यानं सवयीनं दारामागे पिशवी अडकवली, आणि त्याच्या लक्षात आलं की भिंतीवर एकच खुंटी आहे. ताईला सगळं दोन-दोन आणायची सवय. दोन खुंट्या, दोन कप, दोन खुर्च्या, सगळं एकासारखं एक. त्यानं भिंतीवरून हात फिरवला. रंग गुळगुळीत होता, खिळ्याचं भोकसुद्धा नव्हतं.

"ताई, इथली खुंटी कुठे गेली?"

"कुठली रे? आहे की," ती स्वयंपाकघरातून म्हणाली.

मंगळवारी दुसरी जागा काढली. घरी ताईनं आपला चहा पिऊन झाल्यावर तोच कप विसळला आणि त्यात त्याला चहा दिला. फडताळात दुसरा कप नव्हता. बुधवारी तिसरी जागा, आणि टेबलाशी एकच खुर्ची. तिच्यावर तो बसला, आणि ताई ओट्याला टेकून उभी राहून जेवली. बराच वेळ उभी होती, पण गुडघ्याला हात लावला नाही. तिनं गुपचूप सामान विकायला काढलंय की काय, अशी शंका त्याला आली आणि तो तिच्यावर खेकसलाही.

गुरुवारी सकाळी तपासनीस बाई जरा खुशीतच त्याच्याकडे आल्या. कालच्या ओळी काढताना एक महिरपी कंस मागे राहिला होता आणि लिफ्ट पहाटेपासून दोन मजल्यांच्या मधे अडकून पडली होती. "आधी कालचं होतं तसं परत ठेव," त्या म्हणाल्या. नियमच होता. धुसफुसत त्यानं तिसरी जागा जशीच्या तशी परत आणली.

संध्याकाळी घरी टेबलाशी दोन खुर्च्या होत्या. एकीवर ताई मटार सोलत बसली होती. उठताना तिनं टेबलाचा आधार घेतला, कण्हली, आणि पहिल्यासारखी लंगडत आत गेली.

आता दुसरा कुणी असता तर घाबरला असता. झाडू बसला, शांतपणे विचार करू लागला, आणि त्याच्या अंगावर जो काटा आला तो भीतीचा नव्हता. पहिली आणि दुसरी. घर ज्याच्या जिवावर चालतं, दारावर ज्याच्या नावाची पाटी आहे, दिवसभर जो धावतो, तो पहिला. आणि दुसरी आत टेबलाला धरून चालत होती. नऊपैकी दोन जागा गेल्या होत्या, सात उरल्या होत्या. मग अर्ज कशाला, रडारड कशाला? दुखणार नाही, खुपणार नाही, शेजारी विचारणार नाहीत, मावशी तोंड सोडणार नाही. कारण ती गेली असं होणारच नाही. ती झालेलीच नसेल.

त्यानं ड्रॉवरमधून अर्ज काढला आणि बारीक तुकडे करून टाकून दिला. तेवढ्यावर त्याला आपण मनानं किती चांगले आहोत असंही वाटलं.

"कसला कागद रे, बाळ्या?"

"काही नाही. नळाचाच. झालं ते काम."

शुक्रवारी त्यानं तिसरी जागा पुन्हा काढली, कंस दोनदा मोजून. सुट्टीचे दोन दिवस त्यानं कसेबसे काढले. सोमवारी चौथी, मंगळवारी पाचवी. कपाटावर दोघांचे तान्हेपणीचे दोन फोटो होते, दोन्ही टकले, दोन्ही दुपट्यात गुंडाळलेले, कोण कुठला ते ताईलाच ठाऊक. त्यातला एक राहिला. त्यानं तो उचलून बघितला आणि आपला म्हणून परत ठेवला. ताई आता गुणगुणायला लागली होती, कुठलंसं तरुणपणचं गाणं, आणि पुढच्या ओळी विसरून पुन्हा पहिलीच ओळ म्हणायची. तिचं विसरणंही वाढलं होतं. जेवायला एकच ताट वाढायची, मग त्याला पाहून दचकायची आणि अर्धी पोळीभाजी त्याच्यापुढे सरकवायची. ती विरत चाललीय, असं त्यानं मनाशी टिपलं. विरत चाललेल्या बाईचा पाय इतका सरळ कसा पडतो, हा प्रश्न एकदा त्याच्या मनात आला, पण त्यानं तो फार वेळ ठेवला नाही.

ऑफिसात मात्र सगळे एकाएकी उद्धट झाले होते. चहाच्या मावशी त्याचं टेबल सोडून पुढे जायच्या. हाक मारली की "अय्या, दिसलाच नाहीत" म्हणायच्या. दारातल्या हजेरीच्या यंत्रावर त्याचं बोट चार-चार वेळा लागायचं नाही. बुधवारी, सहावी जागा मंजूर करताना, तपासनीस बाई थबकल्या.

"झाडू, तुझं खरं नाव काय रे? इथे लिहायला लागतं. बघ ना, जिभेवर आहे आणि आठवत नाहीये."

त्यांचा तो पहिल्या दिवसाचा राग अजून गेला नाही, असं समजून तो गालात हसला आणि नाव सांगितलं. त्यांनी ते लिहिलं, आणि लिहिताना पुन्हा एकदा विचारलं.

गुरुवारी सातवी. त्या संध्याकाळी ताई त्याला म्हणाली, "चहा घेणार का तुम्ही?"

तुम्ही! ज्या बाईनं त्याचं नाक पुसलं होतं, कान पिळला होता, ती त्याला तुम्ही म्हणत होती, आणि चेहऱ्यावर थट्टेचा मागमूस नव्हता. तो "घेतो" म्हणाला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच तो कप तिनं त्याच्या हातात न देता समोर ठेवला.

शुक्रवारी आठवी जागा काढून तो घरी आला तेव्हा किल्ली कुलपात फिरेना. त्यानं दार वाजवलं. ताईनं उघडलं. ताठ उभी होती, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन.

"कोण हवंय आपल्याला?"

"ताई, मी."

तिनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग तिला काहीतरी आठवल्यासारखं झालं, किंवा तिला त्याची दया आली असेल. "या, बसा. दमलेले दिसता," ती म्हणाली, पाणी आणून दिलं, आणि समोर उभी राहिली. उभ्या उभ्याच तिचा हात उजव्या गुडघ्याकडे गेला.

"एक विचारू? मला लहानपणी इथे काही लागलं होतं का हो? खूण तर काहीच नाही. पण कधीकधी उगाच हात जातो."

तेव्हा थांबता आलं असतं. एकच जागा उरली होती, आणि आठही जागा परत आणणं म्हणजे त्याला अर्ध्या तासाचं काम. "हो, लागलं होतं, माझ्यामुळे," एवढंच म्हणायचं होतं, आणि कोण जाणे, सगळी गाठ तिथेच सुटली असती. शब्द त्याच्या ओठांपर्यंत आले. पण तिच्या डोळ्यांत पाहुण्याकडे बघण्याची जी स्वच्छ, कोरडी अदब होती, तिच्या लेखी तो काहीच देणं लागत नव्हता. असं हलकं त्याला जन्मात कधी वाटलं नव्हतं.

"नाही," तो म्हणाला. "काही लागलं नव्हतं."

"मग भासच असेल," ती म्हणाली आणि हसली. शनिवार-रविवार तो बाहेरच्या खोलीत सतरंजीवर पडून होता. ती येता-जाता त्याला ओलांडायची, जशी माणसं उंबरा ओलांडतात.

सोमवारी हजेरीच्या यंत्रानं त्याचं बोट घेतलंच नाही. दुसऱ्या कुणासाठी दार उघडलं तेव्हा तो मागोमाग आत शिरला. नववी जागा ही पर्यायाची मूळ व्याख्या, सगळ्यात वरच्या फाइलमधली एकच ओळ. तिच्यावर आजोबांची टीप होती. सवयीप्रमाणे त्यानं टीप आणि ओळ दोन्ही एका दमात निवडून उडवली आणि बाईंकडे पाठवली.

"काढायचंच ना नक्की?" बाईंनी पडद्याकडे बघतच विचारलं. त्याच्याकडे पाहिलं नाही.

"वापरात नाही ना? मग उडवा."

बाईंनी मंजुरी दिली. प्रोग्रॅम पुन्हा बांधला जाऊ लागला. एकेक फाइल सरकत गेली आणि शेवटी अक्षरं उमटली, की चूक नाही, इशारा नाही, सगळं ठीक. काढलेल्या ओळी पडद्यावर अजून लाल रंगात दिसत होत्या. करायला दुसरं काही नव्हतं म्हणून, आयुष्यात पहिल्यांदा, त्यानं काढलेली टीप वाचली.

'सेकंड म्हणजे नंतर आलेला. जो जास्त धावतो तो पहिला, असं समजू नये. काढण्याआधी नीट बघावं, आधी कोण आलं होतं.'

तो वाचतच राहिला. नंतर आलेला! लिफ्ट बाईमाणूस, म्हणून सगळं ऑफिस दुसरी, दुसरी म्हणत आलं होतं. कोडमध्ये मात्र ती की तो असं काहीच नव्हतं. आणि ताई त्याच्याआधी पंधरा वर्षं आली होती. अरे देवा! हे तर तोच सगळ्यांना ओरडून सांगत होता.

त्यानं धडपडत बदल उलटवण्याची आज्ञा टाइप केली. पडद्यानं नाव विचारलं. त्यानं नाव भरलं. असा कोणी वापरणारा नाही, असं उत्तर आलं. त्यानं पुन्हा भरलं, सावकाश, एकेक अक्षर.

"बाई! अहो बाई, परत आणा ते! सगळ्या जागा परत आणा!"

बाईंनी चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला, आणि त्याच्या रिकाम्या खुर्चीवर आपली पर्स ठेवली.

तो रस्त्यानं पळत घरी आला. ऊन होतं, दुपारचे चार वाजले असतील. इमारतीत खाली एकच लिफ्ट होती. शेजारी जिथे दुसरी असायची तिथे सलग भिंत, आणि भिंतीवर कुणाच्या तरी मुलांनी फार वर्षांपूर्वी काढलेली, पुसट झालेली खडूची चित्रं. तो आत शिरला आणि चारचं बटण दाबलं. बटण उजळलं नाही. त्यानं अंगठ्यानं दाबलं, मुठीनं ठोकलं. शेवटी दार आपोआप मिटलं आणि लिफ्ट वर निघाली. वरून कुणीतरी बोलावली होती.

चौथ्या मजल्यावर दार उघडलं. समोर ताई उभी होती. केस पांढरे तेवढेच, पण अंगावर इस्त्रीचे कपडे, हातात बाहेर जायची पिशवी, आणि पायांत उंच टाचांच्या चपला.

"ताई," तो म्हणाला. "ताई, लागलं होतं. गुडघ्याला लागलं होतं. मी होतो कडेवर."

तिनं मान पुढे करून लिफ्टमध्ये पाहिलं. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत पाहिलं.

"अहो," ती म्हणाली. क्षणभर त्याला वाटलं, ती आपल्यालाच बोलावतेय.

तिच्या मागे, त्याच्या घराच्या दाराशी, एक पिकल्या केसांचा माणूस पाठमोरा वाकून कुलूप लावत होता. त्यानं ते ओढून बघितलं. मग पुन्हा ओढलं. मग आणखी एकदा.

"या ना लवकर," ताई म्हणाली. "रिकामीच आहे."